भातखाचरातील लहान बेडकांचे वर्गीकरण आणि वैशिष्ट्ये : एक ऐतिहासिक आढावा
(सावर्डे परिसराच्या संदर्भात)

सारांश : कोकणातील भातखाचरांत पावसाळ्यात विपुल संख्येने आढळणारे लहान बेडूक दीर्घकाळ ‘राना लिम्नोकारिस’ या एकाच नावाने ओळखले जात होते. हे नाव मुळात जावा बेटावरील बेडकाला दिलेले होते. एकोणिसाव्या शतकापासून आजपर्यंत या समूहाचे वर्गीकरण कसे बदलत गेले, प्रत्येक टप्प्यावर कोणता पुरावा ग्राह्य धरला गेला आणि त्या बदलांचा संवर्धनाशी कोणता संबंध आहे, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बीजसंज्ञा : उभयचर, फेजेर्वार्या, मिनर्वार्या, आधारनमुना, सह्याद्री, भातखाचर.

१. प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यातील सावर्डे हे गाव सह्याद्रीची मुख्य रांग आणि अरबी समुद्र यांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात वसलेले आहे. मुंबई–गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वे यांनी ते बाहेरच्या जगाशी जोडले गेले असले, तरी परिसराचे भूरूप आजही तेच आहे. वर जांभ्या दगडाचे कातळ व सडे, उतारावर झाडी, आणि खाली वहाळाच्या काठाने पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली भातखाचरे. मृगाच्या सरी कोसळल्या आणि खाचरांत पाणी साचले, की पहिल्या काही रात्रींतच बांधाच्या कडेने बेडकांचा गलका सुरू होतो. त्यात मोठ्या बेडकाचा खर्जातील आवाज सहज ओळखू येतो. परंतु संख्येने अधिक असतात ते अंगठ्याच्या पेरापासून दोन-अडीच पेरांएवढे, तपकिरी रंगाचे लहान बेडूक. त्यांचा आवाज रातकिड्याच्या किरकिरीशी मिळताजुळता असल्याने इंग्रजीतही त्यांना रातकिड्यावरूनच नाव मिळाले आहे.

लोकव्यवहारात या लहान बेडकांना स्वतंत्र ओळख क्वचितच मिळते. ‘बेडकी’ किंवा ‘बेडकाचे पिल्लू’ एवढ्यावर त्यांची बोळवण होते. वस्तुतः ते कोणाचे पिल्लू नसून पूर्ण वाढ झालेले, प्रजननक्षम प्राणी असतात. महाविद्यालयीन अभ्यासक्रमातही अनेक दशके बेडूक म्हणजे विच्छेदनाच्या ताटातील मोठा ‘राना टिग्रिना’ असेच समीकरण होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून विच्छेदनावर निर्बंध आणल्यानंतर तो बेडूक प्रयोगशाळेतून गेला. लहान बेडूक मात्र प्रयोगशाळेत कधी आलाच नव्हता.

विज्ञानाची स्थिती याहून फार वेगळी नव्हती. या समूहाला शास्त्रीय नाव होते, पण ते दुसऱ्या देशातील प्राण्याचे होते. ते नाव कसे चिकटले आणि कसे सुटले, हा इतिहास जितका प्राणिशास्त्राचा आहे, तितकाच पुराव्याविषयीच्या बदलत्या कल्पनांचाही आहे. पुढील विवेचनात ‘जीनस’साठी ‘प्रजाती’ व ‘स्पीशीज’साठी ‘जाती’ हे शब्द योजले आहेत.

२. समूहाची वैशिष्ट्ये

हे बेडूक आजच्या वर्गीकरणानुसार डायक्रोग्लॉसिडी या कुलात मोडतात. खाचरातील मोठा बेडूक (होप्लोबॅट्रॅकस) आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून टुणटुण उड्या मारत जाणारा बेडूक (युफ्लिक्टिस) हेही याच कुलातील होत. लहान समूहाची सर्वसाधारण लक्षणे पुढीलप्रमाणे सांगता येतात.

आकार : मुस्कटाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी साधारणतः दोन ते पाच सेंटिमीटर. माद्या नरांपेक्षा मोठ्या असतात.

त्वचा व रंग : पाठीवर लांबट, तुटक घड्या व बारीक पुटकुळ्या असतात. रंग मातकट तपकिरी ते शेवाळी. ओठांवर व पायांवर गडद पट्टे असतात. काही बेडकांच्या पाठीवर मधोमध फिकट रेघ असते, तर त्याच खाचरातील त्याच जातीच्या दुसऱ्या बेडकात ती नसते.

हातपाय : हाताची बोटे पडद्याविना आणि टोकाशी निमुळती असतात. झाडावर चढणाऱ्या बेडकांच्या बोटांना असतात तशा चकत्या येथे नसतात. पायाच्या बोटांमध्ये पडदा असतो, पण तो अपुरा असतो. म्हणजे हा प्राणी पूर्णतः पाण्याचा नाही आणि पूर्णतः जमिनीचाही नाही. उथळ पाणी आणि ओला बांध यांच्या सीमेवर राहण्यास त्याची रचना अनुकूल आहे.

पार्श्वरेषा : पोटाच्या दोन्ही बाजूंनी जाणारी एक रेषा हे या समूहाचे महत्त्वाचे ओळखचिन्ह मानले जाते. तिला ‘फेजेर्वारी रेषा’ असे म्हणतात.

नराची लक्षणे : प्रजननकाळात नराच्या गळ्यावर गडद डाग दिसतो. गळ्याखालची त्वचा फुगवून तो हाक देतो. मादीला धरण्यासाठी पुढच्या पायाच्या पहिल्या बोटावर खरखरीत गादीसारखा भाग तयार होतो.

या समूहात जमीन उकरणाऱ्या बेडकांचाही एक उपसमूह आहे. त्यांच्या पायाच्या तळव्याच्या आतील बाजूचा उंचवटा फावड्यासारखा वाढलेला असतो. त्यांचे शरीर अधिक गोलसर असल्यामुळे दीर्घकाळ त्यांना वेगळ्याच प्रजातीत ठेवले जात होते.

खाचरात याच आकाराचे दुसरे बेडूकही असतात. त्रिकोणी देहाचा, लहान तोंडाचा आणि पाठीवर ठळक नक्षी असलेला मायक्रोहायला हा त्यांतील प्रमुख होय. तो निराळ्या कुलातील असून त्याच्या पोटाच्या बाजूला वर सांगितलेली रेषा नसते. मोठ्या बेडकाचे खरे पिल्लूही आकाराने असेच असते. परंतु नराच्या गळ्यावरील डाग दिसला, की तो प्राणी प्रौढ आहे हे निश्चित होते.

या सर्व लक्षणांनी समूह ओळखता येतो, जाती मात्र सहजासहजी ओळखता येत नाही. एका जातीच्या आत रंग, रेघा व घड्या यांत जितकी विविधता आढळते, तितका फरक अनेकदा दोन जातींमध्येही आढळत नाही. पुढील सर्व गोंधळाचे मूळ येथे आहे.

३. एक नाव, अनेक रूपे : आरंभीचा काळ

बेडकांमधील भेद भारतीयांच्या लक्षात आले नव्हते असे नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मंडूकसूक्तात बेडकांच्या आवाजातील व रंगातील भिन्नता नोंदलेली आहे. रूपे वेगळी असूनही सर्वांना नाव एकच आहे, असा उल्लेखही तेथे येतो. आवाज आणि रूप हे दोन निकष तेव्हाही डोळ्यांसमोर होते. पण त्यांचा उपयोग वर्गीकरणासाठी करण्याचा हेतू तेथे नव्हता.

आधुनिक पद्धतीने या समूहाचे नामकरण झाले ते युरोपात. ब्रेस्लाउ येथील (आज हे शहर पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्स्वाफ आहे) प्राणिशास्त्रज्ञ ग्राफेनहोर्स्ट यांनी १८२९ मध्ये आपल्या संग्रहालयातील प्राण्यांवरील ग्रंथात जावा बेटावरील एका बेडकाचे वर्णन ‘राना लिम्नोकारिस’ या नावाने प्रसिद्ध केले. ग्रीक शब्दांवरून बनलेल्या या नावाचा अर्थ ‘दलदलीची शोभा’ असा होतो. मद्यार्कात ठेवलेला नमुना आणि त्याचे लॅटिन वर्णन एवढाच या नामकरणाचा आधार होता. प्राण्याचा आवाज, अधिवास व सवयी यांना त्यात स्थान असणे शक्यच नव्हते.

भारतात या विषयाचा पाया घालणाऱ्यांत मद्रास सैन्यातील शल्यचिकित्सक टी. सी. जर्डन यांचे नाव अग्रभागी येते. त्यांनी १८५३ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात भारतीय द्वीपकल्पातील सरपटणाऱ्या प्राण्यांची व उभयचरांची सूची प्रसिद्ध केली. तिच्यात त्यांनी एका लहान बेडकाला ‘राना अॅग्रिकोला’ असे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘अॅग्रिकोला’ म्हणजे शेतकरी. शेतात राहणाऱ्या बेडकाला याहून समर्पक नाव सापडणे कठीण. याच सूचीत जमीन उकरणाऱ्या, तांबूस रंगाच्या बेडकाचेही (रुफेसेन्स) वर्णन आहे.

परंतु जर्डन यांची वर्णने त्रोटक होती आणि त्यांच्या अनेक जातींचे आधारनमुने पुढे उपलब्ध राहिले नाहीत. आधारनमुना म्हणजे ज्या प्रत्यक्ष प्राण्यावरून जातीचे नाव ठरते, तो जतन केलेला प्राणी. तो नसला की नावाचा अर्थ वर्णनाच्या शब्दांवर लटकत राहतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील शास्त्रज्ञांपुढे आशियाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले, परस्परांशी विलक्षण साम्य असलेले नमुने होते. त्या संग्रहाच्या आधारे बुलेंजर यांनी १८९० मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालिकेतील सरपटणारे प्राणी व उभयचर यांवरील खंड लिहिला, तेव्हा राना लिम्नोकारिस ही अतिशय विस्तृत प्रदेशात पसरलेली एकच जाती मानली गेली. ‘शेतकरी’ हे नाव समानार्थी नावांच्या यादीत जाऊन पडले आणि शंभर वर्षांहून अधिक काळ तेथेच राहिले.

या निर्णयाला केवळ चूक म्हणणे अन्यायाचे ठरेल. उपलब्ध पुरावा मृत नमुन्यांचा होता आणि त्यांत भेद दिसत नव्हता. लहानसहान फरकांवर नवी नावे देत सुटण्यापेक्षा ती एकत्र करणे हा त्या काळी शास्त्रीय संयम होता. तथापि त्याची एक किंमत होती. जावा ते कोकण सर्वत्र एकच बेडूक आहे असे ठरल्यावर कोकणातील बेडकाकडे वेगळे पाहण्याचे कारणच उरले नाही.

४. ‘सह्याद्री’चे नाव : १९१९

या चित्राला पहिला तडा महाराष्ट्रातील सह्याद्रीत गेला. त्याच्या पार्श्वभूमीवर एका मराठी शास्त्रज्ञाचे कार्य आहे. मालवण येथे जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात असताना त्यांना सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या उपनद्यांच्या गोड्या पाण्यात जेलीफिशसारखा प्राणी सापडला. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील नेल्सन अॅनंडेल यांनी १९१२ मध्ये त्याचे ‘लिम्नोक्निडा इंडिका’ या नावाने वर्णन केले. या शोधामुळे सह्याद्रीतील लहान प्रवाहांकडे कलकत्त्याच्या शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले. १९१६ मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था स्थापन झाली व अॅनंडेल तिचे पहिले संचालक झाले.

१९१९ मध्ये अॅनंडेल यांनी मुंबई इलाख्यातील लहान ओढ्यांच्या प्राणिजीवनाविषयी लेखन प्रसिद्ध केले. त्यात पुणे–सातारा भागातील सह्याद्रीच्या लहान बेडकांना त्यांनी लिम्नोकारिसचा एक स्थानिक प्रकार मानून ‘सिह्याड्रेन्सिस’ असे नाव दिले. ‘सह्याद्री’ या शब्दाचे ते तत्कालीन रोमन लेखनानुसार झालेले लॅटिन रूप होय. पूर्ण जातीचा दर्जा त्यांनी दिला नाही. परंतु नावात प्रदेश आला. येथील प्राणी येथल्या डोंगरांशी जोडून पाहावा लागेल, हे त्यामुळे प्रथमच मान्य झाले.

पुढील वर्षी, १९२० मध्ये, बुलेंजर यांचा राना प्रजातीवरील विस्तृत प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यात ही प्रजाती दक्षिण आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या असंख्य बेडकांना सामावणारी, विशाल अशीच राहिली. यापूर्वी, १९१५ मध्ये, बोल्काय या संशोधकाने हाडांच्या रचनेवरून लिम्नोकारिसच्या गटासाठी ‘फेजेर्वार्या’ हे उपप्रजातीचे नाव सुचविले होते. हंगेरियन प्राणिशास्त्रज्ञ फेजेर्वारी यांच्या गौरवार्थ ते योजले होते. पण त्या सूचनेकडे सुमारे सात दशके फारसे कोणी लक्ष दिले नाही.

भारतीय संशोधकांपैकी बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजमधील सी. आर. नारायण राव यांनी १९३७ मध्ये दक्षिण भारतातील अनेक नव्या बेडकांची वर्णने केली. ‘करंट सायन्स’ या नियतकालिकाचे ते पहिले संपादक होते. त्यांच्या संग्रहातील आधारनमुने नंतर नाहीसे झाले आणि त्यामुळे त्यांनी दिलेल्या नावांचा अर्थ लावताना पुढील संशोधकांची मोठी अडचण झाली. नमुना जपणे हे संशोधनाइतकेच महत्त्वाचे काम आहे, हा धडा महाविद्यालयीन संग्रहालयांनी आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे.

पश्चिम भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ही परंपरा पुढे नेली. सोसायटीच्या नियतकालिकात मॅकॅन यांची निरीक्षणे आली आणि १९६३ पासून जे. सी. डॅनियल यांची पश्चिम भारतातील उभयचरांची क्षेत्रमार्गदर्शिका क्रमशः प्रसिद्ध झाली. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या कोयना परिसरातून सोमण यांनी १९६३ मध्येच भेकाच्या एका नव्या जातीचे, ‘कोयनायेन्सिस’चे, वर्णन केले. सावर्ड्यापासून दूर नसलेल्या डोंगरात तोवर नाव नसलेला प्राणी नांदत होता, ही गोष्ट बोलकी आहे.

५. आवाजाचा पुरावा

यानंतरचा निर्णायक टप्पा नेपाळमध्ये घडला. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ अॅलॅन दुब्वा यांनी तेथील लिम्नोकारिससदृश बेडकांचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांचे विश्लेषण केले. एकमेकांसारखे दिसणारे हे बेडूक वेगवेगळ्या हाका देतात, असे त्यांना आढळले. १९७५ मध्ये त्यांनी आवाजावरून ओळखल्या जाणाऱ्या ‘जुळ्या जातीं’चा समूह म्हणून ही मांडणी प्रसिद्ध केली आणि नव्या जातींची वर्णने केली.

या पद्धतीमागील तर्क साधा आहे. मादी अंधारात नराला रंगावरून ओळखत नाही, ती त्याच्या हाकेकडे येते. जेथे हाका भिन्न आहेत, तेथे संकर होण्याची शक्यता कमी असते. म्हणून दोन नमुने संग्रहालयात सारखे दिसले, तरी खाचरात ते परस्परांना परके असू शकतात. मद्यार्काच्या बरणीत जो पुरावा टिकत नव्हता, तोच सर्वांत महत्त्वाचा ठरला. वर्गीकरणाचे काम त्यामुळे संग्रहालयाच्या टेबलावरून पुन्हा रात्रीच्या बांधावर आले.

याच काळात ‘राना’ या विशाल प्रजातीचे विभाजन सुरू झाले. दुब्वा यांनी फेजेर्वार्याला लिम्नोनेक्टिस या प्रजातीची उपप्रजाती मानले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती स्वतंत्र प्रजाती म्हणून रूढ झाली. २००१ मध्ये दुब्वा, ओलर आणि बिजू यांनी कर्नाटकातील गुंड्या येथील, जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीच्या बेडकासाठी ‘मिनर्वार्या’ ही नवी प्रजाती स्थापन केली व त्या जातीला ‘सह्याद्रिस’ असे नाव दिले. वरच्या ओठालगतचा पांढुरका पट्टा हे तिचे एक ठळक लक्षण होय. अॅनंडेल यांची ‘सिह्याड्रेन्सिस’ आणि ही ‘सह्याद्रिस’ या दोन भिन्न जाती आहेत. दोन्ही नावे एकाच पर्वतावरून आल्यामुळे वाचकांनी त्यांची गल्लत करू नये.

६. जनुकीय पुरावा आणि नावांची पुनर्स्थापना

२००१ याच वर्षी आणखी एक महत्त्वाचा निष्कर्ष पुढे आला. फाइथ आणि सहकाऱ्यांनी जावा बेटावरील लिम्नोकारिसचा जनुकीय अभ्यास केला, तेव्हा खुद्द जावातच दिसायला सारख्या दोन जाती असल्याचे दिसून आले. त्यांपैकी दुसरीला ‘इस्कंदरी’ हे नाव देण्यात आले. ज्या नावाखाली अर्धे आशिया खंड गोळा केले होते, ते नाव त्याच्या मूळ बेटावरील सर्व बेडकांनाही लागू पडत नव्हते. कोकणातील बेडकाला ते लागू पडण्याची शक्यता त्यामुळे जवळजवळ संपली.

पुढील दशकात जपानी, बांगलादेशी व भारतीय संशोधकांनी पेशीतील तंतुकणिकांच्या डीएनएवर आधारित अभ्यास केले. त्यांतून हा समूह दोन शाखांत विभागलेला आढळला. एक शाखा मुख्यतः आग्नेय आशियातील आणि दुसरी मुख्यतः दक्षिण आशियातील. बांगलादेशातील हाउलादर यांनी २०११ मध्ये दक्षिण आशियाई शाखेसाठी ‘झाकेराना’ हे नाव सुचविले. परंतु २००१ मध्ये स्थापन झालेली मिनर्वार्या याच शाखेत मोडते असे स्पष्ट झाल्यावर नामकरणातील अग्रक्रमाचा नियम लागू झाला. दोन नावे एकाच समूहाची असतील, तर आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य धरावे असा हा नियम आहे. त्यानुसार सांचेझ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दक्षिण आशियाई शाखेला मिनर्वार्या हे नाव निश्चित केले. जमीन उकरणारा, एकेकाळी वेगळा मानलेला तांबूस बेडूकही याच प्रजातीत आला. पायाचा फावड्यासारखा उंचवटा ही नात्याची खूण नसून राहणीची खूण आहे, हे यावरून दिसते.

महाराष्ट्र व गोवा यांच्या दृष्टीने पुढील नोंदी विशेष महत्त्वाच्या आहेत. २०१५ मध्ये गोव्यातून ‘गोमंतकी’ या लहान जातीचे वर्णन झाले. २०१७ मध्ये गर्ग व बिजू यांनी उकरणाऱ्या बेडकांच्या चार नव्या जाती प्रसिद्ध केल्या, त्यांपैकी ‘सेप्फी’ ही सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथील आहे. त्याच वर्षी गणेश, दत्ता आणि सुधाकर यांनी जर्डन यांच्या ‘अॅग्रिकोला’ या नावाचा पुनर्विचार करून ते पुन्हा वापरात आणले. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील उत्तर सह्याद्रीतून ‘मराठी’ या नावाची जाती वर्णिली गेली. २०२० मध्ये ‘सिह्याड्रेन्सिस’ या नावाचा व्याप जनुकीय माहितीच्या आधारे नव्याने तपासला गेला. एका शतकापूर्वी प्रदेशाचे नाव मिळालेल्या बेडकाची निश्चित ओळख पटण्यासाठी शंभर वर्षे लागली.

या नोंदींतून एक बाब लक्षात येते. शेतकरी, सह्याद्री, गोमंतक, मराठी ही नावे सूचीत आली ती केवळ अस्मितेच्या ओढीने नव्हे. पुरावा बदलत गेला आणि प्रत्येक नव्या पुराव्याने प्राण्याला त्याच्या जागेच्या अधिक जवळ आणले. हाडे व कातडी पाहणाऱ्यांना आशियाभर एकच बेडूक दिसला. आवाज ऐकणाऱ्यांना जुळ्या जाती आढळल्या. जनुके तपासणाऱ्यांना दोन शाखा आणि त्यांतील स्थानिक जाती दिसल्या.

७. नाव आणि संवर्धन

एखाद्या लहान बेडकाचे लॅटिन नाव कोणते, याने शेतकऱ्याच्या जीवनात काय फरक पडतो, असा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कायद्याच्या व संवर्धनाच्या इतिहासात सापडते.

१९८० च्या दशकापर्यंत भारतातून बेडकांच्या पायांची मोठ्या प्रमाणावर निर्यात होत असे. भातखाचरातील कीटक खाणारे बेडूक पकडले गेल्याने पिकावरील किडीचे नैसर्गिक नियंत्रण ढासळेल, असा इशारा निसर्ग-अभ्यासक देत होते. हुमायून अब्दुलाली यांनी १९८५ मध्ये या निर्यातीवर लेख लिहिला. १९८७ मध्ये भारताने निर्यातीवर बंदी घातली. हा लढा अर्थातच मोठ्या बेडकांभोवती झाला, कारण व्यापार त्यांचा होता. लहान बेडकांना विक्रीमूल्य नसल्याने त्यांच्याविषयी कोणी आकडे गोळा केले नाहीत.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या चौथ्या अनुसूचीत बेडकांचा समावेश ‘राना’ या प्रजातीच्या नावाने होता. शास्त्रज्ञांनी ‘राना’चे विभाजन केल्यावर खाचरातील बहुतेक बेडूक त्या नावाबाहेर गेले. प्राणी तेच, खाचरे तीच, पण कायद्यातील शब्द आणि शास्त्रातील शब्द यांची फारकत झाली. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची रचनाच बदलली. नावाच्या बदलाचा परिणाम प्रयोगशाळेपुरता राहत नाही, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

संवर्धनाच्या मूल्यांकनात नावाचे महत्त्व याहूनही अधिक आहे. पाकिस्तानपासून जावापर्यंत पसरलेली एक जाती असेल, तर ती धोक्याबाहेर मानली जाते, कारण एका ठिकाणी नाहीशी झाली तरी ती अन्यत्र शिल्लक असते. त्याच नावाखाली दहा जाती असतील आणि त्यांतील एखादी केवळ सह्याद्रीच्या एका भागात राहत असेल, तर ती नष्ट झाल्याचे कोणाच्या लक्षातही येणार नाही. जगभरातील उभयचरांच्या २००४ मधील पहिल्या मूल्यांकनात सुमारे ३२ टक्के जाती संकटग्रस्त आढळल्या होत्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मूल्यांकनात हे प्रमाण सुमारे ४१ टक्के झाले. या गणनेत ज्याला नाव आहे त्याचीच मोजदाद होते.

८. सावर्डे परिसर : अभ्यासाच्या दिशा

या समूहाच्या इतिहासात जी स्थळनामे वारंवार येतात, त्यांपैकी बरीच घाटमाथ्यावरची वा घाटाच्या ओळीतली आहेत. घाटाच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंतचा, सडे आणि खाचरे यांचा पट्टा तुलनेने मागे राहिला. हा पट्टा उभयचरांच्या दृष्टीने गरीब आहे असे मुळीच नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील दोर्ले गावातून २००३ मध्ये ‘शेषाचारी’ या पादहीन, गांडुळासारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या नव्या जातीचे वर्णन झाले होते, ही बाब येथे लक्षणीय आहे.

सावर्ड्याच्या खाचरातील बेडकाचे जीवन भातशेतीच्या वेळापत्रकाशी जोडलेले आहे. पहिल्या पावसात साचलेल्या उथळ पाण्यात अंडी घातली जातात. चिखलणी आणि लावणीच्या काळात भैरोळ्या वाढतात आणि पिके उभी असताना छोटे बेडूक बांधावर चढून किडे टिपू लागतात. पाणी आटले की जमिनीच्या भेगा, दगडांखालचा ओलावा व बांधातील बिळे हा त्यांचा आसरा. म्हणून शेतीतील प्रत्येक बदल त्यांच्यापर्यंत पोहोचतो. पडीक सोडलेली खाचरे, भराव घालून सपाट केलेली जमीन, रस्त्यांचे रुंदीकरण, तणनाशके व कीटकनाशके यांचा परिणाम त्यांत मोडतो. त्वचेवाटे पाणी व वायू घेणाऱ्या प्राण्याला पाण्यातील विषारी द्रव्यापासून स्वतःला दूर ठेवता येत नाही.

या खाचरातील एखादा बेडूक अॅग्रिकोला, सिह्याड्रेन्सिस की अन्य कोणत्या जातीचा, हे केवळ रंग पाहून ठरवणे या इतिहासाच्या प्रकाशात अशास्त्रीय ठरेल. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र हव्यात : नराच्या हाकेचे ध्वनिमुद्रण, त्याच प्राण्याची मोजमापे व छायाचित्रे, आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या सहकार्याने व आवश्यक परवानगीने केलेली जनुकीय तपासणी. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी ग्रामीण महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहेत. साध्या भ्रमणध्वनीवर हाक ध्वनिमुद्रित करता येते. दिनांक, वेळ, तापमान, पाऊस आणि स्थान यांची नोंद ठेवली, तर सलग काही वर्षांच्या नोंदींतून हाका कधी सुरू होतात, कोणत्या खाचरात थांबल्या, कोणत्या टिकून आहेत, हे दिसू शकते. अशा नोंदी प्राण्याला इजा न करता होतात आणि त्या त्याच गावात राहणाऱ्यालाच सातत्याने करता येतात.

९. समारोप

भातखाचरातील लहान बेडकांचा वर्गीकरणविषयक इतिहास सुमारे दोनशे वर्षांचा आहे. ब्रेस्लाउ, लंडन, कलकत्ता, पॅरिस या ठिकाणी त्याचे निर्णय झाले. निर्णय देणारे विद्वान होते, पण त्यांच्यापुढील पुरावा अपुरा होता, कारण तो प्राण्याच्या जागेपासून तोडलेला होता. आघारकरांसारख्या स्थानिक अभ्यासकाच्या नजरेने सह्याद्रीच्या ओढ्यांकडे लक्ष वळवले आणि पुढे आवाज व जनुके यांच्या अभ्यासाने नावे पुन्हा त्यांच्या भूमीवर आणली.

हे वर्गीकरण अंतिम आहे असे समजण्याचे कारण नाही. प्रजातीची सीमा पुढेही बदलू शकेल आणि काही नावे पुन्हा समानार्थी ठरतील. तथापि इतके निश्चित झाले आहे, की ‘सर्वत्र आढळणारा सामान्य बेडूक’ असे वर्णन करून या समूहाची गणना संपवता येत नाही. जर्डन यांनी १८५३ मध्ये दिलेले ‘शेतकरी’ हे नाव दीर्घकाळ विस्मृतीत राहून परत आले. त्या नावाचा प्राणी कोकणातील खाचरांत पुढील शतकातही हाक देत राहील का, हे खाचरे टिकण्यावर आणि त्यांच्या काठाने होणाऱ्या नोंदींवर अवलंबून आहे.